मृत्यूनंतरची मिळकत : नाव लागणे आणि हक्क मिळणे

(जुनी हुबळी येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय असा आहे की, तो घरात आपण होऊन कोणी काढीत नाही. कर्ता माणूस गेला म्हणजे पहिले काही दिवस शोकात व क्रियाकर्मात जातात. त्यानंतर केव्हातरी जुनी पेटी उघडली जाते आणि प्रश्न सुरू होतात. शेताचा उतारा कोणाच्या नावावर आहे? बँकेत नॉमिनी कोण आहे? मृत्युपत्र केले आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मिळकतीचा निकाल लागला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ज्याचे नाव कागदावर तो मालक, आणि ज्याचे नाव नाही त्याचा हक्क संपला, असे घरातील मंडळी धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. घरात वर्षानुवर्षे चालणाऱ्या तंट्यांचे मूळ पुष्कळदा तीतच असते.

मला आज मुख्यत्वे एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवावयाची आहे. मृत्यूनंतर लागणारा प्रत्येक कागद एकच गोष्ट सिद्ध करतो, दुसरी करीत नाही. मृत्यूचा दाखला मृत्यू सिद्ध करतो. वारस कोण, हे तो सांगत नाही. नॉमिनीची नोंद पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे हे सांगते. ते कोणाचे, हे ठरवीत नाही. कोणता कागद कशासाठी, हे एकदा कळले की निम्मी धावपळ वाचते आणि घरातील दुर्बल माणसाचा हक्कही वाचतो.

विषय सोपा व्हावा म्हणून एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. जुन्या हुबळीत राहणारे, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन मिरजेस दिलेली एक मुलगी. स्वकष्टार्जित घर जुन्या हुबळीत, चार एकर वडिलोपार्जित शेत कुंदगोळ तालुक्यात, काही रकमेची ठेव बँकेत. अशी कुटुंबे आपल्या परिसरात घरोघर आहेत. त्यांनी काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिले पाऊल : मृत्यूची नोंद

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावयास हवी. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर खबर देण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची किंवा जवळच्या नातलगाची. नोंद जेथे मृत्यू घडला तेथेच होते, मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे नव्हे. आपल्या उदाहरणातील गृहस्थ उपचारासाठी मुलीकडे गेले असता मिरजेच्या रुग्णालयात वारले, तर दाखला मिरजेस मिळेल. हुबळीच्या महानगरपालिकेत तो शोधीत बसणे व्यर्थ होय.

एकवीस दिवस उलटले तरी तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. तीस दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यास, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. पूर्वी यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागे. एकवीस दिवसांत फुकट होणारे काम वर्षभराच्या आळसाने किती वाढते, हे यावरून ध्यानात येईल.

दाखल्यावरील नाव उताऱ्यावरील व बँकेच्या पुस्तकावरील नावाशी जुळते की नाही, हे दाखला हाती पडताच पाहावे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव मराठीत एक, कन्नडात दुसरे आणि इंग्रजीत तिसरे लिहिलेले आढळते. आडनाव कोठे असते, कोठे गावाचे नाव असते. ही विसंगती पुढे प्रत्येक कचेरीत अडवते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती आरंभीच घेऊन ठेवाव्यात.

वारस कोण, हे कायदा ठरवितो

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतःची मिळकत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे प्रथम पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. त्यांत विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास ती, हे मुख्य होत. या सर्वांचे हिस्से समान असतात. आपल्या उदाहरणातील घराचे चार समान हिस्से होतील : आईचा एक, दोन मुलांचे दोन आणि मिरजेच्या मुलीचा एक. मुलीचे लग्न झाले, लग्नात खर्च झाला, ती परगावी राहते, यांपैकी कोणत्याही कारणाने तिचा हिस्सा कमी होत नाही.

वडिलोपार्जित शेताचा इतिहास थोडा निराळा आहे, आणि तो एका प्रत्यक्ष खटल्यावरून चांगला समजतो. आपल्या शेजारच्या सांगलीच्या दिवाणी न्यायालयात एका विधवेने दावा केला. तिचे पती १९६० साली वारले होते. मागे ती, दोन मुलगे व तीन मुली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आपला हिस्सा चोवीसांश सात आहे, असे तिचे म्हणणे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. कायद्याच्या ग्रंथांत हा मगदूम खटला म्हणून प्रसिद्ध आहे. हिशेब असा : पतीच्या मृत्यूपूर्वी वाटणी झाली असती तर पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी एक-चतुर्थांश मिळाला असता. पतीचा तो एक-चतुर्थांश पुन्हा सहा वारसांत वाटला जाऊन प्रत्येकास एक-चोवीसांश आला. आईस स्वतःचा एक-चतुर्थांश आणि हा एक-चोवीसांश, मिळून चोवीसांश सात. मुलांनाही तितकेच. मुलींना मात्र प्रत्येकी केवळ एक-चोवीसांश.

हा फरक पुढे कायद्यानेच दूर केला. कर्नाटकात ३० जुलै १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती अमलात आली. ९ सप्टेंबर २००५ पासून तो हक्क केंद्रीय कायद्याने देशभर मिळाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जातो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना व विक्रीला मात्र या दुरुस्तीने बाध येत नाही. सांगलीच्या त्याच कुटुंबाचा हिशेब आजच्या कायद्याने केला तर काय येते पाहा : वडील, आई, दोन मुलगे व तीन मुली मिळून सात हिस्से, वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत, म्हणजे शेवटी सहाही जणांना समान एक-षष्ठांश. आपल्या कुंदगोळच्या चार एकरांतही याच रीतीने आई, दोन मुलगे व मुलगी यांना प्रत्येकी एक-चतुर्थांश, म्हणजे एकेक एकर, मिळेल.

जुन्या हुबळीत मुस्लिम वस्तीही मोठी आहे. त्यांच्या वारशास त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. मुले असताना पत्नीचा हिस्सा एक-अष्टमांश असतो. मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीस मिळतो. देणी व अंत्यविधीचा खर्च भागल्यावर उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग, वारसांच्या संमतीवाचून, मृत्युपत्राने देता येत नाही. हिस्से निराळे असले तरी स्त्रियांचे हक्क याही कायद्यात ठरलेले आहेत, आणि पुढे सांगणार आहे ती न्यायालयाची व कचेऱ्यांची रीत सर्वांना सारखीच आहे.

मृत्युपत्र आणि प्रोबेट

मृत्युपत्र असेल तर मिळकत त्याप्रमाणे जाते. परंतु मनुष्याला केवळ स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते. आपल्या गृहस्थांनी चारही एकर धाकट्या मुलास लिहून दिले असतील, तरी इतरांचे जन्मजात हिस्से त्यामुळे जात नाहीत. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुद्रांक लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले मृत्युपत्र हरवत नाही व त्यावर संशयही कमी घेतला जातो. साक्षीदार वयाने तरुण व ज्यांना मिळकतीत काही लाभ नाही असे निवडावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी हयात असलेल्या एकास तरी साक्षीस यावे लागते.

आता प्रोबेटविषयी. मृत्युपत्र खरे व अखेरचे आहे, असे न्यायालयाने प्रमाणित करून मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकास दिलेला दाखला म्हणजे प्रोबेट. निष्पादक नेमलेला नसेल तर लाभ मिळणाऱ्यास मृत्युपत्र जोडलेले व्यवस्थापनपत्र मागता येते. ‘प्रोबेट घेतल्यावाचून मृत्युपत्राला किंमत नाही’ असे जुन्या हुबळीत अनेकदा ऐकू येते. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबईला प्रोबेट सक्तीचे होते. त्यावरून ही समजूत आली असावी. वस्तुतः हिंदूंच्या मृत्युपत्रांबाबतची ती सक्ती मुंबई व मद्रास शहरांतील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती आणि जुन्या बंगाल प्रांतातील मुलखापुरती होती. हुबळी तीत कधीच येत नव्हती. ज्या कलमाने ही सक्ती घातली होती, ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. सबब मुंबईस खोली असलेल्या येथील कुटुंबांनीही जुन्या माहितीवर विसंबू नये.

प्रोबेट सक्तीचे नसले तरी मागता येते. मृत्युपत्राविषयी घरात वाद संभवत असेल, किंवा एखादी संस्था ते मान्य करीत नसेल, तर घेणे हिताचे ठरते. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्यावरच प्रोबेट देता येते. अर्जात मृत्यूची तारीख, मृत्युपत्र रीतसर झाल्याचे कथन आणि मिळकतीची अंदाजी किंमत द्यावी लागते. न्यायालय संबंधितांस नोटीस काढते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होऊन पुरावा घेतला जातो. येथेही आपला मूळ नियम लक्षात ठेवावा : प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते, मृत्युपत्रात लिहिलेले घर मृताच्याच मालकीचे होते, हे त्याने ठरत नाही.

ठेव, नॉमिनी आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र

ठेवीला नॉमिनी असेल तर बँक त्यास रक्कम देते आणि तेथे बँकेची जबाबदारी संपते. नॉमिनीची जबाबदारी तेथून सुरू होते. तो विश्वस्तासारखा असतो; रक्कम वारसांत त्यांच्या हिश्शाप्रमाणे देणे त्याचे कर्तव्य आहे. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास त्यास रक्कम स्वतःसाठी मिळते, हा अपवाद ध्यानात ठेवावा.

नॉमिनी नसेल तर काय? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत पंधरा लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांत पाच लाख रुपयांपर्यंत रक्कम असेल व वारसांत वाद नसेल, तर न्यायालयाचे प्रमाणपत्र न मागता सोप्या कागदपत्रांवर दावा निकालात काढावयाचा आहे. कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत. हे निर्देश अमलात आणण्यास बँकांना ३१ मार्च २०२६ ही अखेरची मुदत देण्यात आली होती.

रक्कम मोठी असेल किंवा वाद असेल, तर न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे. मृत व्यक्ती सामान्यतः जेथे राहत होती तेथील न्यायालयात हा अर्ज होतो. जुन्या हुबळीच्या रहिवाशांसाठी तो हुबळीच्या न्यायालयात. अर्जात सर्व नातलगांची नावे व पत्ते आणि येणे रकमांची यादी द्यावी लागते. न्यायालय नोटिसा काढून संक्षिप्त चौकशी करते, आवश्यक वाटल्यास जामीन घेते आणि विहित न्यायालय शुल्क भरून घेऊन प्रमाणपत्र देते. ते भारतभर चालते. ठेव कोल्हापूरच्या बँकेत असली तरी तेथे निराळा अर्ज करण्याचे कारण नाही.

दोन मर्यादा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हे प्रमाणपत्र ठेवी, रोखे व येणी यांच्यापुरतेच आहे. घर व शेत यांना ते लागू नाही. आणि ज्याला प्रमाणपत्र मिळाले तो एकटा मालक ठरत नाही. इतर वारसांस त्याच्याकडून आपला हिस्सा मागण्याचा अधिकार राहतो. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला देण्याची निराळी रीत आहे. तिकडील नातलग ‘वारस दाखला आणा’ असे सांगतात तेव्हा ते कोणत्या कागदाविषयी बोलत आहेत, याची प्रथम चौकशी करावी.

उतारा आणि घराची नोंद

शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावण्यास आपल्याकडे ‘वारसा करणे’ किंवा कन्नडात ‘पौती खाते’ म्हणतात. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ च्या कलम १२८ प्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवावयाचा असतो. मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष व उतारा जोडून अर्ज द्यावा. नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत दिली जाते आणि नंतर नोंद मंजूर होते. घरासाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीत आणि महानगरपालिकेच्या कर नोंदवहीत, अशा दोन्ही ठिकाणी नाव बदलून घ्यावे लागते. एकीकडे झाले म्हणजे दुसरीकडे झाले असे नव्हे.

खरा अन्याय होतो तो याच टप्प्यावर. वंशवृक्षात मुलीचे नाव घातलेच जात नाही. किंवा ‘आईचे वय झाले आहे, तिचे नाव कशाला’ म्हणून तिला वगळले जाते. कधी अर्ज कन्नडात असतो, सही करणारी मराठी बोलणारी असते आणि कागदावर काय लिहिले आहे हे तिला कोणी वाचून दाखवीत नाही. उताऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी येत नाही आणि नाव वगळले म्हणून हक्क जात नाही, हे खरे आहे. ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. परंतु वगळलेल्या बहिणीला तो हक्क मिळविण्यासाठी पुढे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि दरम्यान जमीन तिसऱ्याला विकली गेली तर गुंता दुप्पट होतो. अपिलासाठी आता बंगळूरला जावे लागत नाही. धारवाड येथे २००८ पासून उच्च न्यायालयाचे पीठ आहे व २०१३ पासून ते कायम झाले आहे. पण ज्या वादाची गरजच नव्हती, त्यासाठी धारवाडला तरी का जावे?

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडावयाचा असेल तर तिला तसा अधिकार आहे. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. तोंडी शब्द किंवा साध्या कागदावरील सही पुरेशी नाही. सही करण्यापूर्वी तिला मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवावा आणि आपण काय सोडीत आहोत, त्याची आजची किंमत काय, हे तिला कळू द्यावे. अज्ञान मुलाच्या नावे वेगळा आलेला स्थावर हिस्सा नैसर्गिक पालकासही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही.

मदत कोठे मिळेल

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून हक्क सोडून देण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते. न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. घरातील वाद लोकअदालतीत तडजोडीने मिटला तर त्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

येथे बसलेल्या अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, वंशवृक्षाची चौकशी करताना ‘मुली किती?’ हा प्रश्न त्यांनी आवर्जून विचारावा. शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की, कन्नड अर्ज घेऊन कोणी आजीबाई शाळेच्या दारात आली तर पाच मिनिटे काढून तो तिला मराठीत समजावून सांगावा. आणि ग्रामस्थ मंडळींना सांगणे इतकेच की, हे सारे मृत्यूनंतरच करावे असे नाही. आपल्या हयातीतच मिळकतीची एक यादी करावी, नावांतील फरक दुरुस्त करून घ्यावेत, नॉमिनी नेमावा आणि आवश्यक वाटल्यास मृत्युपत्र नोंदवून ठेवावे. कागद कोठे ठेवले आहेत, हे पत्नीलाही माहीत असू द्यावे.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने मृत्यूची नोंद वेळेत केली, वंशवृक्षात चौघांची नावे घातली, ठेवीचा दावा बँकेत दिला आणि तीन महिन्यांत वारसा केला, तर बहुधा त्यास न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. दिवाळीत माहेरी येणारी मिरजेची मुलगी पुढेही येत राहील. घर आणि शेत यांची वाटणी होऊ शकते. भावंडांचे नाते एकदा तुटले तर ते जोडून देणारा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही.